खांदेरीची लढाई ओसरीवर

सगळ्यात जवळचा समुद्र धरला तरी तिगावापासून तो सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. नागपूरकर भोसल्यांचं राज्य कटकाच्या किनाऱ्याला जाऊन टेकलं, पण तेही घोड्यांच्या टापांवर. त्यामुळे आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात आरमाराची गोष्ट निघते ती पुस्तकातून, नाहीतर पडद्यावरून. शीड, सुकाणू, भरती-ओहोटी हे शब्द ओळखीचे असतात, सवयीचे नसतात. म्हणून आरमारी लढाईचा खेळ हा किनाऱ्यावरच्या लोकांचा उद्योग, असं समजून कोणी मागे हटू नये. स्कॉटलंडच्या जॉन क्लार्क नावाच्या गृहस्थाने आरमारात एक दिवस नोकरी न करता टेबलावर छोटी लाकडी जहाजं सरकवून आरमारी डावपेचांचा अभ्यास केला आणि १७८२ साली त्यावर पुस्तक काढलं. तिगावच्या ओसरीवर त्याहून जास्त जागा असते.

अडचण समुद्र नसण्याची नाही. अडचण येते ती नियम लिहायला बसल्यावर. एक जण म्हणतो, दोन जहाजं समोरासमोर आणा, फासे टाका, ज्याचा आकडा मोठा त्याचं जहाज तरलं. खेळ पाच मिनिटांत संपतो आणि तो कुस्तीचा होता की आरमाराचा, हे सांगता येत नाही. दुसरा वहीभर तक्ते करतो: तोफेची लांबी, गोळ्याचं वजन, लाकडाची जाडी, कुठल्या डोलकाठीला किती मार. त्याचा खेळ तिसऱ्या फेरीत बंद पडतो, कारण पोट्टे जेवायला निघून जातात.

हा तंटा जुना आहे. इंग्लंडच्या फ्रेड जेनने १८९८ साली आरमारी खेळाचे नियम छापले. त्यात प्रत्येक जहाजाचं चिलखतानिशी चित्र असे आणि टोकदार पट्टीने त्या चित्रावर टोचा मारून गोळा कुठे लागला ते ठरे. पुढे न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट या लेखकाने तोफा, चिलखत आणि वेग यांचं एक सूत्र बांधलं, पण अंतर मोजायला मात्र पट्टी दिली नाही. खेळाडूंनी जमिनीवर गुडघे टेकून, डोळ्यांनी अंदाज करून अंतर सांगायचं. १९८० साली लॅरी बाँडचा ‘हार्पून’ आला. त्यात आधुनिक युद्धनौकांच्या रडारपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सगळ्याची आकडेवारी होती. तिघांपैकी मला प्रॅट सगळ्यात शहाणा वाटतो. त्याच्या सूत्रामुळे नव्हे, पट्टी काढून घेतल्यामुळे. तोफखान्याच्या अधिकाऱ्याचं खरं दुखणं अंतराचा अंदाज हेच होतं, आणि त्याने ते नेमकं खेळाडूच्या पदरात टाकलं.

माझा सगळा सल्ला यातून निघतो. खेळाचा खरेपणा नियमांच्या संख्येवर मोजू नका. त्या दिवशी सरदाराला ज्या पेचातून जावं लागलं, तोच पेच खेळणाऱ्यापुढे येतो का, एवढं पाहा. पेच उभा करायला लागेल तेवढी गुंतागुंत ठेवायची, बाकीची निर्दयपणे कापायची. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक लढाई घेऊन खेळ उभा करून दाखवतो.

लढाई खांदेरीची. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर हे बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी तिथे माणसं घेऊन उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला म्हणजे इंग्रजांच्या गळ्याला नख. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ हे सोळा तोफांचं मोठं जहाज आणि गुराबा, शिबाडं, मचवे धरून एकूण आठांचा ताफा बेटाभोवती नांगरून बसला. प्रमुख होता कॅप्टन केग्विन. (याच केग्विनने चार वर्षांनी मुंबईत स्वतःच्याच कंपनीविरुद्ध बंड केलं. त्यावरही एक खेळ होईल, पण तो आरमारी नव्हे.)

१८ ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखान मराठ्यांचं आरमार घेऊन इंग्रजांवर चालून आला. गलबतांचा आकडा कागदागणिक बदलतो, चाळीसपासून साठपर्यंत. ती इतक्या झपाट्याने आली की इंग्रजांच्या छोट्या जहाजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची छोटी जहाजं अंग चोरून दूर राहिली आणि ‘रिव्हेंज’ एकटं गराड्यात सापडलं. ते तोफांच्या जोरावर लढलं, त्याने पाच गलबतं बुडवली आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे वळलं.

कोण जिंकलं? इंग्रजी इतिहासांत हा विजय म्हणून नोंदला जातो. पण नाकेबंदीला भोकं पडतच राहिली, लहान होड्या रात्री बेटावर माणसं आणि सामान पोचवत राहिल्या आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी खांदेरीचा नाद सोडला. जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारची उंदेरी घेतली, हे खरं. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली.

म्हणून या खेळातला पहिला नियम जिंकण्याचा लिहा, तोफांचा नव्हे. बहुतेक जण हा नियम शेवटी, कागद संपत आल्यावर लिहितात: ज्याची जास्त जहाजं बुडाली तो हरला. त्या हिशेबाने खांदेरीला मराठे हरले असंच दरवेळी निघेल आणि मराठ्यांकडून खेळणारा पोरगा गलबतं जपत लांब उभा राहील. पांढुर्ण्याची गोटमार आठवा. जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसावरचा झेंडा कोणी काढून नेला, त्यावर पांढुर्णा की सावरगाव हे ठरतं; कोणाची किती डोकी फुटली यावर नाही. खांदेरीचा झेंडा म्हणजे रसद. बेटावर दगड, धान्य, दारूगोळा पोचला तर मराठे जिंकले. गलबतं किती गेली, हा फक्त किमतीचा प्रश्न.

खेळात हे असं आणा. बेटापासून शंभर सेंटीमीटरवर मराठ्यांचे तीन सामानाचे मचवे मांडा. ते फेरीला बारा सेंटीमीटर चालतात, म्हणजे सरळ गेले तर नवव्या फेरीत बेटाला लागतात. खेळ दहा फेऱ्यांचा. दोन मचवे पोचले तर मराठे जिंकले, एकही पोचला नाही तर इंग्रज, एक पोचला तर बुडालेली गलबतं आणि गमावलेली इंग्रज जहाजं मोजा. त्या सकाळी नेमके तीन मचवे निघाले होते असं मी म्हणत नाही. तो महिनाभराचा पेच एका सकाळीत बसवायला केलेली ही जुळवणी आहे. अशी जुळवणी बिनधास्त करावी, फक्त खेळणाऱ्यांना सांगून करावी.

आता माप. एक सेंटीमीटर म्हणजे वीस मीटर आणि एक फेरी म्हणजे तीन मिनिटं. हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने कोकणातल्या गलबतांचं वर्णन करताना चाळीस-पन्नास वल्ही आणि ताशी चार मैलांचा वेग दिला आहे. ताशी चार मैल म्हणजे तीन मिनिटांत सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या ओसरीवर सोळा सेंटीमीटर. दहा फेऱ्या म्हणजे अर्धा तास, ‘डव्ह’ पडून ‘रिव्हेंज’ एकटं सापडायला जेवढा वेळ लागला साधारण तेवढाच. मापं एकदा अशी एकमेकांना बांधून घेतली की पुढचे निम्मे वाद आपोआप मिटतात. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा खडूने आखा. लाकडी जहाजं या मापाच्या मानाने फार मोठी दिसतील, कारण खरं गलबत इथे सेंटीमीटरभरच भरेल. दिसू द्या. अंतर नेहमी डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत मोजा, म्हणजे झालं.

जहाजं कोणाकडून करून घ्यायची, याचं उत्तर आपल्याकडे सोपं आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराला सांगा. नाहीतर संत्र्याच्या जुन्या खोक्याची फळी आणि करवत घेऊन बसा. ‘रिव्हेंज’ वीतभर, गुराब त्याहून आखूड, शिबाड आणि मचवा बोटभर. गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती आणि लांब काढा, तिची ओळख तीच. रंगकामावर मात्र आठवडे घालवू नका. देखणी जहाजं आणि अर्धवट नियम ही या छंदातली नेहमीची दुखणाईत जोडी आहे.

गलबतांचं काय? पन्नास गलबतं सुटी केली आणि एकेक सरकवायला वीस सेकंद धरले, तर एका फेरीला सतरा मिनिटं आणि दहा फेऱ्यांना पावणेतीन तास नुसते सरकवण्यात जातील. उलट पाच मोठी गलबतं करून ‘हीच पन्नास समजा’ म्हटलं, तर एक बुडालं की दहा बुडाली. मार्ग मधला आहे. दहा लाकडी पट्ट्या घ्या, प्रत्येकीवर पाच खिळे अर्धवट ठोका. पट्टी म्हणजे एक तांडा, खिळा म्हणजे एक गलबत. चाल पट्टीची, नुकसान खिळ्याचं. दौलतखानसुद्धा गलबताला नव्हे, तांड्यालाच हुकूम देत असणार. सरदार ज्या पायरीवर विचार करतो त्या पायरीवर चाल ठेवा. नुकसान त्याच्या एक पायरी खाली मोजलं तरी चालतं, त्याने खेळ जड होत नाही.

खरी गुंतागुंत खर्च करायची ती वाऱ्यावर. इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण वाऱ्यावाचून जहाज म्हणजे बैलगाडी. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की पहाटे-सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा. आपली लढाई सकाळची, म्हणून वारा पूर्वेकडून. ओसरीच्या कोपऱ्यात आठ दिशांचं चक्र काढून त्यावर बाण ठेवा. दर फेरीच्या सुरुवातीला दोन फासे: बेरीज दोन आली तर दोन फेऱ्या वारा पडला, बारा आली तर बाण एक घर सरकला. दोन्हींची शक्यता छत्तिसात एक. म्हणजे दहा फेऱ्यांच्या डावात वारा पडण्याचा प्रसंग साधारण चार डावांत एकदा येईल. घाबरण्याइतका खरा, वैतागण्याइतका वारंवार नाही.

‘रिव्हेंज’ आणि बाकीची शिडाची जहाजं वारा पाठीशी असता अठरा सेंटीमीटर चालतात, कुशीवर असता बारा, नाळेच्या तिरकस बाजूने असता चार आणि तोंडावर असता शून्य. वळण फेरीला एकच घर, म्हणजे पंचेचाळीस अंश. गलबतं वल्ह्यांवर कुठल्याही दिशेला सोळा चालतात आणि काटकोनात वळतात. पण माणसं यंत्र नव्हेत. सलग तीन फेऱ्या पूर्ण जोर लावला की चौथ्या फेरीला आठच. हा एवढासा नियम दौलतखानाच्या हाती घड्याळ बांधतो: जोर आत्ता लावायचा की भिडताना? वारा पडला तर इंग्रजांची सगळी जहाजं जागच्या जागी, आणि गलबतं तेवढ्याच वेगाने चालत राहतात. अशा फेरीत इंग्रज खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

सुरुवातीला इंग्रज नांगरावर आहेत. दर जहाजासाठी एक फासा टाका. चार किंवा वर आला तरच त्या फेरीत नांगर उचलला गेला. मराठ्यांचे तांडे ‘रिव्हेंज’पासून साठ सेंटीमीटरवर मांडा.

तोफांकडे या. इथेच तक्त्यांचा मोह सगळ्यात जास्त होतो आणि इथेच तो आवरायचा. ‘रिव्हेंज’च्या एका बगलेचा बार म्हणजे दहा सेंटीमीटरच्या आत चार फासे, दहा ते वीसमध्ये दोन फासे, त्यापलीकडे काही नाही. सहा पडला की एक खिळा उपटला. एकदा बार काढलेली बगल पुढची फेरी गप्प, कारण तोफ भरायला वेळ लागतो. बार अंतर मोजण्याआधी जाहीर करायचा. फसला तर फसला. हा प्रॅटचा धडा. गुराबेला याच रीतीने पण निम्मे फासे, शिबाडं आणि मचव्यांना तोफाच नाहीत असं समजा. मराठ्यांच्या प्रत्येक पट्टीला नाळेवरच्या लहान तोफांचा एक फासा. सहा आला तर समोरच्या जहाजाची शिडं फाटली आणि त्याची चाल चारने घटली.

एक गोष्ट मात्र काटेकोर ठेवा: तोफांची दिशा. बगलेचा बार फक्त बगलेकडे, पुढे-मागे पंचेचाळीस अंशांत. नाळेसमोर आणि पिछाडीला बार नाही. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून ठेवा, तो जहाजाला लावला की कोण टप्प्यात आहे ते कळतं. या त्रिकोणाने जे घडतं ते मला या सगळ्या खेळात सर्वांत आवडतं. पुढे आंग्र्यांच्या काळातली गलबतं आणि गुराबा मोठ्या जहाजाच्या पिछाडीला लागत, नाळेच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडं मारत आणि जहाज लंगडं झालं की चढाई करत, असं वर्णन ऑर्मनेच केलं आहे. ‘गलबतांनी मागून जावं’ असा नियम आपण कुठेही लिहिलेला नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या डावात मराठ्यांकडून खेळणारं दहा वर्षांचं पोरही आपसूक ‘रिव्हेंज’च्या मागे जायला लागतं. डावपेच नियमात लिहून दिलेला खेळ शाळेच्या कवायतीसारखा होतो. बरोबर बंधनं घालून दिली की डावपेच खेळणाऱ्याच्या डोक्यातून उगवतो, आणि तो खऱ्या सरदाराच्या डावपेचाशी जुळला तर नियम बरोबर आहेत याची ती खूण.

चढाईचा हिशेब माणसांवर. गलबताचं बळ तीन, मचव्या-शिबाडाचं दोन, गुराबेचं चार, ‘रिव्हेंज’चं दहा. जहाजाच्या एका कुशीला एका वेळी दोनच गलबतं भिडू शकतात. दोन्ही बाजूंनी आपलं बळ अधिक एक फासा. चढाई करणाऱ्याची बेरीज जास्त आली तर जहाज पडलं. गणित पाहा: एकटं गलबत गुराबेवर चढलं तर जिंकण्याची शक्यता शेकडा अठ्ठावीस, दोन मिळून चढली तर बहात्तर. ‘रिव्हेंज’वर दोन चढली तर छत्तिसात एक, दोन्ही कुशींना मिळून चार भिडली तर पुन्हा शेकडा बहात्तर. म्हणजे ‘डव्ह’ पडण्यासारखी आहे आणि ‘रिव्हेंज’ पडणं अशक्य नाही, पण त्यासाठी दोन तांडे तोफांच्या तोंडातून न्यावे लागतील. तेवढ्या वेळात मचव्यांच्या राखणीला कोण?

इंग्रजांकडून खेळणाऱ्याला वेगळाच जाच द्या. गलबतं वीस सेंटीमीटरच्या आत आली की शिबाडं आणि मचवे दर फेरीला एकेक फासा टाकतात. तीन किंवा खाली आला तर हुकूम पाळत नाहीत, लांबच राहतात. केग्विनचं त्या सकाळचं दुःख हेच होतं. आठ जहाजं ताब्यात आहेत असं कागदावर दिसतं आणि हाताशी एकच असतं.

हुकूम आधी चिठ्ठीवर लिहायचे आणि दोघांनी एकदमच उघडायचे, ही पद्धत पहिल्या डावापासून ठेवा. आळीपाळीने चालण्यात दुसऱ्याला नेहमी पहिल्याचं मन कळतं, आणि समुद्रावर ते कोणालाच कळत नसे. माणसं जास्त असतील तर आणखी पुढे जाता येईल. दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सने पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच जमिनीवरच्या अशाच खेळातून तपासले. चालवणाऱ्यांत आरमाराच्या महिला दलातल्या तरुण मुली होत्या, आणि शिकायला आलेले अधिकारी पडद्याआडून, झडपेतून दिसेल तेवढाच पट पाहू शकत. आपल्याकडे चादर आणि दोरी पुरते. पण हे दहावा डाव झाल्यावर, पहिल्या दिवशी नको.

आता काय टाकलं ते सांगतो. लाकडाची जाडी, गळती, एकेका तोफेचा दारूगोळा, जखमींची मोजणी, गोलंदाजांची हुशारी: सगळं टाकलं. यातली एकही गोष्ट खोटी नाही. पण त्या अर्ध्या तासात दौलतखानाने किंवा केग्विनने यातल्या कशावर हुकूम बदलला असता, असं मला वाटत नाही. भरती-ओहोटीही पहिल्या खेळात सोडली. ती पुढे घालायची असेल तर पंचांगावरून हिशेब करताना एक काळजी घ्या. १८ ऑक्टोबर ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या कालगणनेची आहे. आजच्या कालगणनेत ती दहा दिवस पुढे, २८ ऑक्टोबरला पडते. तिथी चुकली की भरती चुकली.

नियम लिहून झाले की इतिहासाच्या मापाने ते तपासा. साठ सेंटीमीटरवरून सोळाच्या चालीने येणारी गलबतं तिसऱ्या फेरीत बारावर येतात, तिथे ‘रिव्हेंज’चे दोन फासे. चौथीपासून दहावीपर्यंत सात फेऱ्या, दोन्ही बगला आलटून-पालटून चालल्या तर फेरीला चार फासे, म्हणजे अठ्ठावीस. एकूण तीस फासे, सहात एक सहा, सरासरी पाच गलबतं. प्रत्यक्षात बुडाली तीही पाच. पाच किंवा सहा दोन्हींवर मार धरला असता तर सरासरी दहा आली असती आणि मराठ्यांना लढाई परवडलीच नसती. म्हणून आपण सहा धरला. आता हे समजून घ्या की दर डावाला पाचच बुडाली पाहिजेत असं नाही. बहुतेक डावांत तीन ते सात बुडतील, कधी दोन, कधी नऊ. दरवेळी इतिहासच घडवणारा खेळ म्हणजे पाठांतर. इतिहास शक्यतांच्या मधोमध कुठेतरी पडला पाहिजे, बस.

निकाल आवडला नाही म्हणून मधेच फिरवायचा नाही. हे पोरांना सांगावं लागत नाही, मोठ्यांनाच सांगावं लागतं. १९४२ च्या मे महिन्यात, मिडवेच्या मोहिमेआधी, जपानी आरमाराने ‘यामातो’ या जहाजावर पटावर तालीम घेतली. पंचांच्या फाशाने जपानी विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब लागले आणि दोन जहाजं गेली. चीफ ऑफ स्टाफ उगाकीने नवाचे तीन केले, एकच जहाज बुडालं असं ठरवलं, आणि पुढच्या टप्प्यात तेही पुन्हा पटावर तरंगायला लागलं. जूनमध्ये खऱ्या समुद्रावर चार बुडाली. म्हणून पंच तिसराच माणूस असावा, आणि शक्यतो कोणाचा काका-मामा नसावा. गावात तसा मिळणं कठीण, मान्य.

नियम दोन पानांच्या वर गेले की काहीतरी कापा. प्रत्येक नियमाला विचारा, याच्यामुळे कोणी चिठ्ठीवर वेगळा हुकूम लिहितो का? लिहीत नसेल तर तो शोभेचा. नियम घरच्या मराठीतच लिहा. शाळा हिंदीतून झाली असली तरी लिपी एकच आहे, पोट्टे भराभर वाचतात. ‘नाळ’, ‘मतलई’, ‘तांडेल’ हे शब्द मात्र समजावून द्यावे लागतील.

खांदेरी जड वाटत असेल तर सुरुवात ८ एप्रिल १७८३ पासून करा. त्या दिवशी पेशव्यांच्या आरमाराचा सुभेदार आनंदराव धुळप याने विजयदुर्गाजवळ इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं. एका बाजूला एकच जहाज, दुसऱ्या बाजूला ताफा. एक खेळाडू नवखा असला तरी चालतं. वारा, बगलेचा त्रिकोण आणि चढाई एवढे तीनच नियम पुरतात. उलट १७५६ चा विजयदुर्ग कोणी सुचवला तर हात जोडा. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह आले तेव्हा तुळाजी आंग्र्याचं आरमार बंदरात नांगरलेलं होतं, आग लागली आणि ते जळून गेलं. वाचायला ती गोष्ट चटका लावते, पण आंग्र्यांकडून खेळणाऱ्याला त्यात करण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना काहीतरी ठरवायला आहे, अशीच लढाई निवडा. शोधत असाल तर १७२१ ची कुलाब्यावरची इंग्रज-पोर्तुगीज स्वारी पाहा. त्यात जमीन आणि पाणी दोन्ही आहेत, दोन मित्रांचं एकमेकांशी पटत नाही, आणि कान्होजी आंग्र्यांकडून खेळायला घरात भांडण होईल. त्यासाठी तीन खेळाडू लागतील, आणि इंग्रज-पोर्तुगीज खेळाडूंना एकमेकांशी फक्त चिठ्ठीने बोलायची परवानगी द्या.